जठराच्या कर्करोगात उपस्थात्याचे काम : चिनी शुश्रूषा आणि आमची पेज

तळेऱ्याच्या आसपासच्या गावांतून आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत अम्लपित्ताचे रुग्ण सर्वांत अधिक. उपाशीपोटी चहा, तिखट-खारट जेवण, तंबाखू आणि अवेळी आहार हे हेतू विचारण्यापूर्वीच रुग्ण सांगू लागतो. अशाच एका रुग्णाविषयी आरंभी लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण त्यात चूक आमची होती.

वय चोपन्न, भातशेती व थोडी काजूची बाग असलेले गृहस्थ. जेवणानंतर पोट जड होणे, आंबट ढेकर, मुखवैरस्य. आम्ही सूतशेखर व कामदुधा दिले, पथ्य सांगितले. पंधरा दिवसांत उपशय मिळाला. पुढे थकवा व पांडुता दिसू लागली म्हणून नवायस लोह जोडले. मल काळा होतो, असे रुग्णाने एकदा सांगितले. लोहकल्प चालू असल्याने तसे होणारच, असे उत्तर आम्ही दिले. असे तीन महिने गेले. कंबरेचा पट्टा दोन भोके आत गेला आहे, हे त्यांच्या पत्नीने सांगितले तेव्हा आम्ही वजन केले आणि दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठविले. जठराच्या खालच्या भागात व्रण होता व तो कर्करोगाचा होता.

आमच्या व्यवसायबंधूंनी येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. अम्ल कमी करणाऱ्या कल्पांनी कर्करोगाच्या व्रणाचीही वेदना काही काळ शमते. तेव्हा उपशय मिळाला एवढ्यावरून निदान सिद्ध होत नाही. दुसरे असे की लोह वा मंडूर चालू असता रक्तामुळे काळा झालेला मल ओळखता येत नाही. म्हणून चाळिशी-पंचेचाळिशी उलटल्यावर नव्याने सुरू झालेले अम्लपित्त, त्यासोबत वजन घटणे, पांडुता, वारंवार छर्दी, गिळताना अडखळणे अथवा डाव्या हंसळीच्या वर लागणारी गाठ यांपैकी काहीही असल्यास लोहकल्प लिहिण्याआधी दुर्बिणीची चिठ्ठी लिहावी. ही चिठ्ठी दिल्याने वैद्याची प्रतिष्ठा कमी होते, असा समज आमच्या पिढीत अजून आहे. तो आम्हांलाही होता.

रुग्णाची शस्त्रक्रिया मुंबईस झाली, जठराचा मोठा भाग काढला गेला. आमच्या भागातील अशा रुग्णांना परळचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) किंवा गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय हेच दोन मार्ग बहुधा ठाऊक असतात. ओरोसला सिंधुदुर्गनगरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ पासून सुरू झाले असले तरी कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया म्हटली की कोकण रेल्वेची रात्रीची गाडी आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतील मुक्काम हा क्रम पुष्कळ कुटुंबांच्या वाट्यास येतो. तेथे उपचार उत्तम होतात. परंतु रुग्ण गावी परतला की त्याच्याजवळ असतात फायलीतील कागद आणि घाबरलेली बायको. त्यांना आज काय खाऊ घालावे, हा प्रश्न ती वैद्यालाच विचारते. आम्हांस त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, हे कबूल करावयास हवे.

त्यानंतर हा आजार जेथे सर्वाधिक, तेथील लोक काय करतात हे पाहण्याचा आम्ही प्रयत्न केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक एकट्या चीनमध्ये. भारतात हा आकडा साठ हजारांवर आहे. चिनी रुग्णालयांत शस्त्रक्रिया व रसायनोपचार आधुनिक पद्धतीनेच होतात. आपल्याकडे समजतात तसे ते काढे देऊन गाठी विरघळवीत बसत नाहीत. चिनी वैद्यकाचा उपयोग अधिक होतो तो रुग्णाच्या शुश्रूषेत.

रोगाचे स्वरूप ओळखून शुश्रूषा

१९५६ मध्ये चीन सरकारने बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ व छंगतू येथे पारंपरिक वैद्यकाची चार महाविद्यालये काढली. त्या शिक्षणपरंपरेत वैद्याबरोबर परिचारिकेचेही स्वतंत्र शास्त्र तयार झाले. त्याला ते ‘बिआन चंग श हू’ म्हणतात. रोगाचे स्वरूप ओळखून त्यानुसार शुश्रूषा करणे, हा त्याचा अर्थ. म्हणजे छर्दी होते म्हणून सर्वांना एकच उपाय असे नाही. ज्याचे प्लीहा-जठर दुर्बल व शीत झाले आहे, ज्याला उष्ण पाणी व पोटावर शेक बरा वाटतो, ज्याची जीभ फिकट व ओलसर आहे, त्याला गरम भाताची पेज व आले. ज्याच्या जठरात उष्णता वाढून रस आटला आहे, जीभ लाल, कोरडी व सोललेली आहे, त्याला आले न देता नाशपाती, कमळकंद असे शीत-स्निग्ध पदार्थ. रागाने वा चिंतेने उचकी-ढेकर वाढत असेल तर जेवणाच्या वेळी घरच्यांनी रुग्णाशी व्यवहाराच्या गोष्टी बोलू नयेत, ही सूचनाही परिचारिकेच्या कागदावर असते. (चिनी ग्रंथांतील ‘प्लीहा’ म्हणजे शारीरातील तो अवयव नव्हे, तिचे कार्य पाहता ती आपल्या पाचकपित्त-समानवायूच्या जवळची कल्पना आहे.)

वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. वात-पित्त-कफानुसार छर्दीचे भेद आपण पहिल्यापासून शिकलो आहोत. फरक एवढाच, की चीनमध्ये हा विचार रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचविला गेला. आपल्याकडे तो वैद्याच्या चिठ्ठीवर थांबतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषध व रुग्ण यांच्या बरोबरीने उपस्थात्याला बसविले आणि उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे चार गुण सांगितले. यातील उपचारज्ञता हा पहिला गुण आहे. यूष कसे करावे, रुग्णाला कसे बसवावे-निजवावे, हे त्याला शिकविलेले असावे, असाच त्याचा अर्थ. आम्ही पदवी घेताना हा अध्याय शिकलो, त्यावर प्रश्नही सोडविला. पण उपस्थाता घडविण्याचे काम कोणाचे, हे आम्हांस कोणी विचारले नाही. महाराष्ट्रात पुण्याजवळ वाघोली येथे भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टच्या केंद्रात वैद्य सदानंद सरदेशमुख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ पासून आयुर्वेद व आधुनिक उपचार यांची सांगड घालून कर्करोगाच्या रुग्णांचे काम चालविले आहे. परंतु गावपातळीवरचा उपस्थाता हा रुग्णाची पत्नी, सून वा मुलगाच असतो, आणि त्याला शिकविण्यास तळेऱ्यात वैद्याखेरीज कोणी नाही.

पेज

कोकणातील घराला या बाबतीत एक मोठी सोय आहे. उकड्या तांदळाची पेज येथे रोज शिजते. शार्ङ्गधराने पेया चौदापट पाण्यात व विलेपी चौपट पाण्यात सांगितली. आमच्याकडील गृहिणी ती मोजमापाशिवाय करते. जपानमधील रुग्णालयांत जठराच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला प्रथम भाताचे नितळ पाणी, मग तीन भाग पेज, मग पाच भाग पेज, शेवटी पूर्ण पेज असा दाटपणा वाढवीत नेण्याची रीत रूढ झाली. पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष, अकृत मांसरस, कृत मांसरस हा आपला संसर्जनक्रम त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. तत्त्व एकच आहे: अग्नीला पेलेल तेवढेच, पातळाकडून दाटाकडे, धान्याकडून मांसाकडे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी, व ती आम्ही चुकूनच शिकलो. संसर्जनक्रम हा वमन-विरेचनानंतरच्या मंद अग्नीसाठी आहे. तेथे जठर शाबूत असते. प्रधान शुद्धीत सात दिवसांत रुग्ण नेहमीच्या जेवणावर येतो. जठर कापलेल्या रुग्णाचे तसे होत नाही. त्याला आठवडे, कित्येकदा महिने लागतात. म्हणून दिवसांची संख्या न धरता केवळ क्रम धरावा. त्याहून महत्त्वाचे असे, की या रुग्णाला पातळ पेज वाडगाभर देणे हितावह नाही. पोट पाण्यानेच भरते, अंगी काही लागत नाही. या शस्त्रक्रियेनंतर वजन दहा टक्के व त्याहून अधिक उतरणे नेहमीचे आहे. नुसत्या पेजेवर ते आणखी उतरते. रुग्णालयाने पातळ आहाराची मुदत संपविली की विलेपीकडे वळावे. दिवसातून सहा ते आठ वेळा, एका वेळी अर्धी वाटी. जेवताना पाणी नाही; पाणी अर्धा तास आधी वा नंतर, घोटघोट. मुगाचे दाट यूष, मऊ शिजविलेले अंडे, ताजे दही, आणि मांसरसाच्या पायरीवर मुडदुशाचे बिनतिखट सार व काटा काढलेला मऊ गर. कुळथाच्या पिठीचा आग्रह रुग्ण हमखास धरतात. ती उष्ण व विदाही असल्याने आरंभी आम्ही देत नाही; मात्र तोंडाला चवच नसलेल्या एका वृद्धाने पिठीभाताशिवाय काही खाणार नाही असे म्हटले, तेव्हा ती पातळ व बिनमिरचीची करून दिली. पथ्य पाळून उपाशी राहण्यापेक्षा ते बरे.

आता च्यवनप्राशाविषयी. आमचे ते गृहस्थ घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या मेहुण्याने शक्ती यावी म्हणून मोठा डबा आणला आणि दुधासोबत दोन चमचे चाटविले. वीस मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळ आली, जुलाब झाला. हृदयाचा झटका समजून सारे घर आमच्या दारात आले. त्यांना निजविल्यावर थोड्या वेळात ते सावरले. जठराचे कोठार व त्याचे दार नाहीसे झाल्यामुळे गोड, घन साखर एकदम लहान आतड्यात उतरते आणि आतडे आपल्याकडे पाणी खेचते. त्यातून ही अवस्था जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत येते. दुसऱ्या प्रकारात एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरून हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा जठर काढलेल्या रुग्णाला च्यवनप्राश, गुलकंद, मोरावळा, सर्व अवलेह व पाक, साखरमिश्रित चूर्णे आरंभीच्या महिन्यांत देऊ नयेत. द्राक्षासवादी आसवारिष्टांत गूळ-साखर व मद्यांश दोन्ही असतात, तीही टाळावीत. औषधी दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे, की ‘पोटाचे ऑपरेशन झालेय, ताकदीचे काहीतरी द्या’ असे म्हणणारा नातेवाईक समोर आला तर पोटाचे कोणते ऑपरेशन, एवढे विचारावे. हर्नियाचे व जठराचे यांत पुष्कळ अंतर आहे.

घृताचे तसेच. पूर्ण जठर काढल्यावर स्नेह नीट पचत नाही, मल चिकट, फिकट व दुर्गंधी येतो. तेथे स्नेहपान हा विचारच सोडावा. विलेपीवर अर्धा चमचा तूप पचते का पाहावे. इसबगोल, शेवग्याच्या शेंगेचे धागे, संत्र्याची साल-शिरा, कच्चा फणस हे उरलेल्या जठरात गोळा होऊन मार्ग अडवू शकतात. बी-१२ जीवनसत्त्वाची सुई पूर्ण जठर काढलेल्या रुग्णास आयुष्यभर लागते, कारण ते शोषून घेण्यास लागणारा घटक जठरातच तयार होतो. यकृतातील साठा दोन ते पाच वर्षे पुरतो, त्यामुळे दोन वर्षे ‘काही झाले नाही’ म्हणून सुई बंद करणारे रुग्ण आढळतात. त्यांचे हातपाय मुंग्या येऊन बधिर होतात आणि आपण त्याला वातव्याधी म्हणून बृहत्‌वातचिंतामणी लिहितो. सुई चालू आहे काय, हे आधी विचारावे.

रसायनोपचार चालू असताना

२०१९ पासून अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर चार औषधांचा एकत्रित क्रम दिला जातो. त्यात ऑक्झालिप्लॅटिन असते. हे औषध दिल्यावर काही दिवस थंड वस्तूला हात लागला तरी विद्युत्‌स्पर्शासारखी चमक येते, थंड पाणी प्याल्यास घसा आवळल्यासारखा होतो. उन्हाळ्यात आमच्या घरांतून रुग्णाला प्रेमाने फ्रीजमधील सोलकढी दिली जाते. कोमट पाणी, अंगावर शाल, पहाटे विहिरीच्या पाण्याने तोंड न धुणे, एवढे सांगितले तरी निम्मा त्रास वाचतो. मुखपाकात यष्टिमधू-सिद्ध तुपाचा हलका लेप व कोमट गंडूष बरे वाटतात; त्रिफळ्याचा दाट काढा सोललेल्या तोंडाला झोंबतो.

मळमळीवर चिनी परिचारिका ‘नेइगुआन’ या बिंदूवर दाब देण्यास शिकवितात. मनगटाच्या आतील घडीपासून रुग्णाच्याच तीन बोटांच्या रुंदीइतके वर, दोन कंडरांच्या मध्ये. अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबावयाचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये भरविलेल्या तज्ज्ञ परिषदेने शस्त्रक्रिया व रसायनोपचार यांनंतरच्या मळमळीवर सुईचा उपयोग मान्य केला. आम्ही सुई वापरत नाही, दाब शिकवितो. घरच्या माणसाच्या हाताला काही काम मिळते, हाही एक लाभ. सुंठीविषयी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पावणेसहाशेच्या आसपास रुग्णांवरील एका अमेरिकन अभ्यासात दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आल्याने पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली, तीही रुग्णालयाच्या छर्दिहर औषधांच्या जोडीने. म्हणजे सुंठ जोडीला द्यावी, त्या गोळ्या बंद करून नव्हे. रक्तस्राव होत असेल वा तोंड सोलले असेल तर सुंठ नको.

एक गोष्ट आम्ही घरच्या भिंतीवर लिहून ठेवावयास सांगतो. रसायनोपचार चालू असलेल्या रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ज्वर आला तर त्रिभुवनकीर्ती नाही, लंघन नाही, सकाळपर्यंत वाट पाहणे नाही. श्वेतपेशी घटलेल्या असताना हा ज्वर काही तासांत प्राण घेऊ शकतो. मध्यरात्री गाडी काढावी. याच कारणाने या काळात बस्ती, रक्तमोक्षण, अग्निकर्म करू नये. चिनी परिचारिकाही अशा वेळी दवण्याच्या जातीच्या पाल्याचा शेक व सुया थांबवितात.

औषधांविषयी

चिनी ‘लिउ जुन झ थांग’ हा कल्प जपानमध्ये ‘रिक्कुन्शितो’ नावाने मिळतो. त्यात यष्टिमधू, आले, संत्र्याची साल, जिन्सेंग इत्यादी आठ द्रव्ये आहेत. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात दाखविले, की सिस्प्लॅटिनमुळे घटलेले भूक वाढविणारे घ्रेलिन हे द्रव्य त्याने सावरते. अरोचकावरील आपल्या दीपन-पाचन कल्पांची अशी तपासणी व्हावी, अशी आमची इच्छा आहे. तूर्त त्या उदाहरणाने आपल्या कल्पांना प्रमाणपत्र मिळत नाही.

चीनकडून दुसराही धडा आहे. १९९३ मध्ये बेल्जियममधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले, की वजन कमी करण्याच्या चिनी गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी साधारण सारख्या नावाची दुसरी वनस्पती गेल्याने स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. दोष अरिस्टोलोकिक आम्लाचा होता. त्याच कुळातील ईश्वरी, म्हणजे सापसंद, आपल्या कोकणातील रानात उगवते व गावठी औषधांत वापरली जाते. कर्करोगाच्या रुग्णाला ‘झाडपाला’ देणाऱ्याच्या पुडीत काय आहे, हे म्हणूनच विचारावे. गुळवेलीबाबत २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी यकृतशोथाचे रुग्ण प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन दुसऱ्या जातीच्या वेलीची गल्लत होण्याचा मुद्दा मांडला. वाद बाजूस ठेवला तरी दुकानदाराने ओळख न पटलेली वेल विकू नये, आणि रसायनोपचारात यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या रुग्णास आम्ही गुडूची देत नाही. पिप्पली-मरिचातील पायपरीन इतर औषधांचे शोषण बदलते, म्हणून त्रिकटूयुक्त कल्पही त्या काळात थांबवितो. जे काही देतो ते मुंबईच्या फायलीत स्वच्छ अक्षरात लिहितो. पहिल्यांदा लिहिताना संकोच वाटला होता. तेथील डॉक्टर काय म्हणतील, असे. कोणी काही म्हटले नाही.

आमच्या त्या रुग्णाच्या मुलाने पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितले होते, “डॉक्टरांनु, बाबांक काय सांगू नकात.” आम्ही सांगितले नाही, बाबांना सारे ठाऊक होते आणि त्यांनीही मुलाला ते कळू नये म्हणून आम्हांला गप्प बसविले होते. दोघांचे गुपित सांभाळत आम्ही चार महिने काढले. आता आम्ही पहिल्या भेटीतच रुग्णाला एकट्याला विचारतो, की तुम्हांला किती जाणून घ्यावयाचे आहे.

दोन वर्षांनी रोग परतला. तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय नव्हता. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांचे व्यसन लागेल म्हणून घरचे अर्धीच देत. ती पूर्ण व वेळेवर द्यावी आणि सोबत मलावष्टंभाचे औषध न चुकता द्यावे, हे सांगण्यातच आमच्या अनेक भेटी गेल्या. शेवटच्या पंधरवड्यात ते चमचाभर कोमट पेजेच्या निवळीवर होते. मागितली तेवढीच द्यावयाची, असे आम्ही त्यांच्या पत्नीला सांगितले होते आणि तिने ते पाळले.

त्या बाईंनी शंभर पानी वही ठेवली होती: सकाळचे वजन, काय व किती खाल्ले, त्यानंतर घाम-जुलाब, छर्दी, ज्वर, मलाचा रंग, झोप. तीच वही आखून आम्ही एक पानी तक्ता केला आहे. तळेरे, कासार्डे, खारेपाटण परिसरातील पाच घरांत तो वापरून झाला. ज्या सभासदांना व दुकानदारांना तो हवा असेल त्यांनी संघटनेच्या पुढील बैठकीत आमच्याकडून घेऊन जावा. त्यात ‘मलाचा रंग’ या रकान्याशेजारी ‘लोहकल्प चालू आहे काय’ हा रकाना आम्ही नंतर वाढविला आहे.